लेह ते पोर्ट ब्लेअर: २९३७ किलोमीटर, आणि प्रत्यक्षात लागणारा वेळ

२९ ऑगस्ट २०२४ ला माझी बदलीची ऑर्डर आली. लेहहून पोर्ट ब्लेअर. केंद्र सरकारच्या खात्यात असल्यामुळे बदलीची सवय आहे, पण हिमालयातून उचलून थेट बंगालच्या उपसागरात म्हटल्यावर पहिले दोन दिवस मला नीट झोप लागली नाही. नवऱ्याची नोकरी दुसऱ्या गावी, म्हणजे हा प्रवास मी आणि माझी तिसरीतली लेक अशा दोघींनीच करायचा होता. आई रोज फोनवर एकच विचारायची, "अगं पण एकूण किती तास लागतात तिथे जायला?" आणि मला उत्तर देता यायचं नाही.

शोधायला गेलं की अंतर काढून देणारी पानं ढिगाने मिळतात. दोन विमानतळांची नावं टाका, आकडा येतो, खाली विमानाला लागणारा वेळ येतो, चार तासांच्या आसपास. पण लेहहून पोर्ट ब्लेअरला थेट जाणारं विमानच नाही, मग ते चार तास कुणाचे? हे सगळं पार पडल्यावर आता निवांत लिहायला बसलेय, कारण लेह, कारगिल, अंदमान, लक्षद्वीप असल्या ठिकाणी बदली होणारे लोक दरवर्षी असतात, आणि त्यांना नेमकी हीच माहिती एका जागी सापडत नाही.

अंतराचा प्रश्न सगळ्यात आधी आला तो ऑफिसच्या कागदावर. बदलीनंतर नवीन ठिकाणी रुजू व्हायला जो वेळ मिळतो, जॉइनिंग टाइम, तो १९७९ च्या नियमांनुसार जुन्या आणि नव्या मुख्यालयातल्या अंतरावर ठरतो. १००० किमीपर्यंत १० दिवस, त्याच्या वर १२ दिवस, २००० किमीच्या वर १५ दिवस, पण विमानाने जाणार असाल तर जास्तीत जास्त १२ च. त्यामुळे अर्जात "अंतर" असा एक रकाना होता आणि तो मोकळा ठेवून चालणार नव्हतं. आमच्या सेक्शनमधल्या साहेबांनी विचारलं, मॅडम, रस्त्याने किती, रेल्वेने किती? लेहला रेल्वे नाही, पोर्ट ब्लेअरलाही नाही, आणि मध्ये समुद्र. त्यांचंही बरोबर होतं, फॉर्मच तसा आहे, पण रकान्यात काय भरायचं यावर आमचा एक आख्खा दिवस गेला.

मग मी विमानाचं सरळ अंतर हाताने काढून दाखवलं. ही रीत कुणालाही जमेल, शाळेतलं गणित पुरतं. लेह विमानतळ साधारण ३४.१४ अंश उत्तर, ७७.५५ अंश पूर्व. पोर्ट ब्लेअर ११.६४ उत्तर, ९२.७३ पूर्व. अक्षांशातला फरक साडेबावीस अंश, एक अंश म्हणजे सुमारे १११ किमी, तर उत्तर-दक्षिण झाले जवळपास २५०० किमी. रेखांशातला फरक १५.२ अंश, पण रेखांश वर जाताना एकमेकांजवळ येतात म्हणून मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे २३ अंशाच्या कोसाइनने गुणायचं (०.९२), ते आले साधारण १५५० किमी पूर्व-पश्चिम. आता पायथागोरस. उत्तर २९४० च्या आसपास येतं. पृथ्वी गोल धरून नीट सूत्राने काढलं की २९३७ किमी. फरक इतका थोडा की मला स्वतःला आश्चर्य वाटलं. विमानवाल्यांच्या भाषेत हेच अंतर सुमारे १५८६ नॉटिकल मैल, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी.

साहेबांना छापील काहीतरी हवं होतं म्हणून नेटवर शोधलं, तर बऱ्याच ठिकाणी चेन्नई ते पोर्ट ब्लेअर समुद्रमार्गे ११९० किमी आणि कोलकात्याहून १२५५ किमी असे आकडे दिलेले दिसले. एकाचं बघून दुसऱ्याने लिहिलेले असावेत. चेन्नई विमानतळ ते पोर्ट ब्लेअर विमानतळ सरळ रेषेत १३७३ किमी येतं, आणि जहाज सरळ रेषेपेक्षा कमी अंतर कापू शकत नाही, म्हणजे ११९० हा आकडा बरोबर असूच शकत नाही. मी हे त्यांना गणित मांडून दाखवलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी "विमानमार्गे, २००० किमीपेक्षा जास्त" असं लिहून फाइल पुढे सरकवली. मला १२ दिवस मिळाले. तुमच्यावर अशी वेळ आली तर अचूक आकड्यासाठी भांडत बसू नका, १००० आणि २००० या दोनच पायऱ्या कागदावर महत्त्वाच्या आहेत.

आता वेळ. एक ठोकताळा सांगते जो मला पुढे सगळ्या टप्प्यांना लागू पडला. सरळ अंतराला ८०० ने भागायचं आणि त्यात अर्धा तास मिळवायचा. तिकिटावर जो वेळ छापलेला असतो तो विमान गेटवरून हललं तिथपासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा असतो, त्यामुळे विमानाचं जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाणं-येणं, चढणं, उतरणं सगळं त्या अर्ध्या तासात येतं. लेह–दिल्ली ६२० किमी, तर सव्वा तासाच्या थोडं वर. दिल्ली–चेन्नई १७६१ किमी, पावणेतीनच्या जवळ. चेन्नई–पोर्ट ब्लेअर १३७३, सव्वादोन. हिवाळ्याकडे पश्चिमेचे वारे वरच्या थरात जोरात असतात म्हणून पूर्वेकडे जाताना वेळ थोडा वाचतो आणि येताना तेवढाच वाढतो, दिल्ली–कोलकाता आणि कोलकाता–दिल्लीच्या वेळा शेजारी ठेवून बघा, लगेच दिसेल.

थेट विमान का नाही, तर एवढे प्रवासी नाहीत हे एक कारण आहेच. पण मी कुतूहलापोटी ती सरळ रेषा नकाशावर ओढून पाहिली. लेहहून आग्नेयेला निघते, तिबेटचा एक कोपरा कापते, पश्चिम नेपाळवरून येते, बिहार-झारखंड ओलांडते आणि ओडिशात बालासोर-धामराच्या आसपास समुद्रात शिरते. त्यातला पहिला तुकडा देशांतर्गत विमानाच्या कामाचाच नाही. हद्दीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी डोंगराचा राहतो. केबिनमधली हवा गेली तर वरून जे मास्क पडतात त्यातला ऑक्सिजन साधारण १२ ते १५ मिनिटं पुरतो, तेवढ्यात विमानाला दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि खाली अठरा-वीस हजार फुटांचे डोंगर असतील तर खाली येणार कुठे? म्हणून डोंगरावरचे मार्ग ठरवताना प्रत्येक तुकड्यासाठी बाहेर पडायची वाट आधी ठरवलेली असते. नकाशावरची रेघ आणि विमानाची वाट वेगळी का, हे मला तेव्हा कळलं.

मग पर्याय तीन उरले. लेह–दिल्ली–पोर्ट ब्लेअर मिळून ३१०५ किमी, म्हणजे सरळ रेषेपेक्षा फक्त १७० किमी जास्त. कोलकात्यामार्गे ३२३९. चेन्नईमार्गे ३७५४. कागदावर दिल्लीहून थेट सगळ्यात चांगलं, पण मला हव्या त्या तारखांना ते परवडेल अशा भाड्यात मिळेना. कोलकाता आणि चेन्नईमध्ये पाचशे किमीचा फरक, म्हणजे हवेत जेमतेम पाऊण तास. मी कोलकाता निवडलं कारण तिथलं कनेक्शन सकाळचं होतं आणि दुपारच्या आत पोचता येत होतं.

खरा गुंता लेहचा असतो, आणि हे मला शेजारच्यांनी पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. लेह विमानतळ ३२५६ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर कमी पडतो, विमानाला धावपट्टी जास्त लागते, आणि ऊन चढलं की हवा आणखी विरळ होते. शिवाय दुपारनंतर दरीत वारे सुटतात. म्हणून लेहची बहुतेक विमानं सकाळीच. त्याच वर्षी जुलैच्या शेवटी इतकं तापलं की काही विमानं उष्णतेमुळे रद्द झाली होती, लेहमध्ये, उष्णतेमुळे, बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. ढग खाली आले तरी तेच, कारण चारही बाजूंनी डोंगर आणि वैमानिकाला दरी दिसायला हवी. सकाळी विमान आलं नाही तर बहुतेक वेळा त्या दिवसाचा विषयच संपतो, संध्याकाळचं बघू असं काही नसतं.

त्यामुळे मी आईला शेवटी असं सांगितलं की हवेत साडेपाच-सहा तास, पण घरातून घरात पोचायला तीन दिवस धर. तिला ते पटेना. तीन दिवसांत तर माणूस जहाजाने जातो म्हणाली, आणि खरंच चेन्नईहून जहाज साधारण तेवढाच वेळ घेतं.

तिकिटांचं थोडं. सरकारी खर्चाने जाणाऱ्यांना तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तीन सरकारी कंपन्यांकडूनच काढावं लागतं, आणि २०२२ पासून शक्यतो प्रवासाच्या २१ दिवस आधी काढा असं आहे, ऐनवेळी काढलं तर कारण लेखी द्यावं लागतं. रिलीव्ह कधी करणार, म्हणजे जुन्या जागेवरून कधी सोडणार, हे ऑफिस नक्की सांगत नव्हतं, कारण माझ्या जागी येणारी व्यक्ती आली नव्हती, आणि तारीख नाही तर तिकीट नाही. या वाट बघण्यात सप्टेंबर गेला. त्यातच १३ सप्टेंबरला पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम झाल्याचं जाहीर झालं, माझ्या ऑर्डरवर जुनं नाव आणि पुढच्या पत्रांवर नवं नाव. मी रिलीव्हिंग ऑर्डरमध्ये दोन्ही नावं लिहून घेतली, "श्री विजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर)" असं, म्हणजे पुढे पगाराच्या सेक्शनमध्ये कुणी अडवू नये. विमानतळाचा कोड मात्र तोच, आयएक्सझेड, लेहचा आयएक्सएल. शेवटचं एकच अक्षर वेगळं, तिकीट तपासताना नजर तिथे ठेवा.

१४ ऑक्टोबरला, सोमवारी दुपारनंतर चार्ज दिला. दुपारनंतर दिला तर जॉइनिंग टाइम दुसऱ्या दिवसापासून मोजतात, सकाळी दिला तर त्याच दिवसापासून, एवढ्याशा गोष्टीने एक दिवस हातात राहतो. माझे १२ दिवस १५ पासून सुरू, २६ ऑक्टोबरपर्यंत. २६ शनिवार, २७ रविवार, आणि मुदतीला लागून सुट्टी आली तर ती धरून पुढच्या कामाच्या दिवशी रुजू होता येतं, म्हणजे सोमवार २८. हे मी चार्ज देण्याआधीच कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं.

मधल्या दिवसांत एलपीसी (शेवटच्या पगाराचा दाखला), नो ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचा दाखला), लेकीच्या शाळेतून टीसी, गॅस कनेक्शन, आणि सामान. सामानाला सगळ्यात जास्त वेळ लागला. ट्रकने मनाली रस्त्याने खाली, तिथून चेन्नई, पुढे जहाजाने, असं ट्रान्सपोर्टवाल्याने सांगितलं, आणि बर्फ पडून रस्ता बंद व्हायच्या आत निघायला हवं म्हणून ते आमच्याआधी गेलं. ते पोचायला डिसेंबर उजाडला. विमानात माणशी १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात, दोघींचं मिळून ४४ किलो, त्यात दीड-दोन महिने काढता येतील एवढंच घेतलं. जाड जॅकेट अंगावर घालून निघालो, दिल्लीत उतरल्यावर ते हातात आलं आणि पुढे पूर्ण प्रवासभर हातातच राहिलं. कागदपत्रं, टीसी, ऑर्डरची मूळ प्रत, औषधं हे चेक-इन बॅगेत अजिबात टाकू नका.

तिकीट मी दोन भागांत काढून घेतलं. लेह–दिल्ली वेगळं, २३ ऑक्टोबरचं, माणशी सहा हजारांच्या वर. आणि दिल्ली–कोलकाता–पोर्ट ब्लेअर एकाच पीएनआरवर २५ ऑक्टोबरच्या पहाटेचं, माणशी बारा हजारांच्या आसपास. मधला २४ तारखेचा पूर्ण दिवस लेहच्या हवामानासाठी मोकळा ठेवला. वेगवेगळी तिकिटं असली की पहिलं विमान चुकल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही, म्हणून जिथे भरवसा कमी तिथे दिवस मोकळा सोडायचा आणि जिथे कनेक्शन घट्ट तिथे एकच पीएनआर घ्यायचा. पूर्ण प्रवासाच्या नियोजनात याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा झाला नाही.

२३ ला सकाळी घरमालकीणबाई, आम्ही त्यांना आमा-ले म्हणायचो, दारात खतग घेऊन उभ्या होत्या. पांढरं रेशमी कापड त्यांनी आधी लेकीच्या गळ्यात घातलं, मग माझ्या. मला बोलता आलं नाही. टॅक्सीत बसेपर्यंत लेक त्यांचा हात सोडत नव्हती. विमानतळावर दोन तास आधी पोचलो, तेवढं पोचाच, सुरक्षा तपासणी सावकाश चालते, विमानतळ हवाई दलाचा आहे आणि फोटो काढायला मनाई आहे. दिल्लीहून येणारं विमान पाऊण तास उशिरा आलं. ते येताना दिसलं तेव्हा हॉलमधले सगळे खिडकीशी गेले, कारण ते उतरलं म्हणजेच आपण जाणार.

विमान उताराच्या बाजूला, पश्चिमेकडे धावलं. खूप वेळ धावलं असं वाटलं. धावपट्टीच्या टोकाजवळच्या टेकडीवरचा स्पितुक गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, बाजूने गेला आणि मग जमीन सुटली.

इथे एक गंमतशीर गोष्ट आहे जी मला आधी कुणी सांगितली नव्हती. एरवी विमान वर गेलं की केबिनमधली हवा विरळ होते. लेहहून निघताना उलटं होतं. केबिनचा दाब जास्तीत जास्त आठ हजार फुटांच्या उंचीइतका ठेवतात, म्हणजे साधारण २४०० मीटर, आणि आपण आलेले असतो ३२५६ वरून. म्हणजे विमान वर चढतंय आणि आपलं शरीर मात्र खाली उतरतंय. विमान चढतानाच कानाला दडे बसायला लागतात. लेकीने घरून भरून आणलेली पाण्याची बाटली हॉलमध्येच संपवली होती आणि रिकामी, झाकण घट्ट लावलेली बाटली पुढच्या खिशात ठेवली होती. दहा-पंधरा मिनिटांत तिच्या बाजू आत ओढल्या गेल्या. दिल्लीत उतरेपर्यंत ती चांगलीच चेपली, आणि तिने ती मुद्दाम न उघडता सांभाळून ठेवली, पोर्ट ब्लेअरपर्यंत. आत लेहची हवा आहे म्हणून. लहान मुलं बरोबर असतील तर गोळी, च्युइंगगम, पाणी हे वर चढतानाच द्या, उतरायची वाट बघू नका.

दिल्लीत अकराच्या आसपास उतरलो, विमानतळाजवळ खोली घेतली होती, रात्रीचे अडीच हजार. बातम्या लावल्या तर सगळीकडे दाना चक्रीवादळ. ओडिशाच्या किनाऱ्याकडे निघालेलं, २४ च्या रात्री धडकणार, आणि कोलकाता विमानतळ २४ च्या संध्याकाळी ६ पासून २५ च्या सकाळी ९ पर्यंत बंद राहणार असल्याचं जाहीर झालेलं. आमचं विमान २५ ला सकाळी साडेसातच्या सुमाराला कोलकात्यात उतरायचं होतं. लेहच्या हवामानासाठी मी एवढी काळजी घेतली होती आणि अडचण आली ती पार दुसऱ्या टोकाला. वादळ पुढे त्या रात्री भितरकनिका आणि धामराच्या मध्ये किनाऱ्याला लागलं, मी नकाशावर ओढलेली सरळ रेषा जिथून समुद्रात शिरत होती त्याच्या अगदी जवळ.

मेसेज यायची वाट न बघता मी लगेच हेल्पलाइनला फोन लावला. पाऊण तास होल्डवर होते, लेक तोवर झोपली. सुदैवाने पूर्ण प्रवास एका पीएनआरवर होता, त्यामुळे कोलकात्याचा टप्पा रद्द म्हणजे पुढचं पोर्ट ब्लेअरही त्यांनीच मार्गी लावायचं. नियम असा आहे की कंपनीने विमान रद्द केलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय घ्यायचं ते आपण ठरवायचं. हवामानामुळे रद्द झालं तर वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही, ती मागण्यात शक्ती घालवू नका. मला दोन पर्याय दिले: २६ ला कोलकात्यामार्गे किंवा २५ ला दुपारी चेन्नई आणि २६ ला पहाटे तिथून पुढे. मी चेन्नई घेतलं. कोलकाता उघडल्यावर तिथे अडकलेल्यांची गर्दी होणार हे दिसत होतं. वरचे पैसे लागले नाहीत. पण चेन्नईच्या रात्रीचे तीन हजार आपल्याच खिशातून गेले. बदललेलं तिकीट ईमेलवर येईपर्यंत फोन ठेवू नका, माझं आलं तेव्हा त्यात लेकीचं नाव दुसऱ्या टप्प्यात नव्हतं, ते तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतलं.

त्या रात्री मला फार एकटं वाटलं, ते लिहून ठेवते. घर सोडलेलं, नवं घर बघितलेलं नाही, सामान कुठल्यातरी ट्रकमध्ये, आणि मध्येच वादळ. नवरा फोनवर म्हणाला, मुदत २८ पर्यंत आहे ना, मग घाबरतेस कशाला. कॅलेंडरवर आधी लिहून ठेवलेल्या त्या तारखेचा तेव्हा खूप आधार वाटला.

२५ ला दिल्ली–चेन्नई व्यवस्थित, पावणेतीन तास. २६ ला पहाटे साडेतीनला उठून विमानतळ. विमान उडाल्यावर खाली फक्त पाणी, जवळपास दोन तास दुसरं काही नाही. मग एकदम हिरवी बेटं, काठाला फिकट निळ्या रंगाची किनार. पोर्ट ब्लेअरचा विमानतळ जेमतेम चार मीटर उंचीवर, नौदलाचा आहे, इथेही फोटोला मनाई. २०२३ मध्ये उघडलेलं नवं टर्मिनल शंखाच्या आकाराचं आहे, आत मोकळं आणि उजेडाचं. दार उघडल्याबरोबर दमट, जड हवा आली आणि लेक म्हणाली, आई श्वास किती सोपा आहे इथे. तिची बाटली तोपर्यंत तिसऱ्या हिश्श्याने आत गेली होती. बाहेर आल्यावर तिने झाकण उघडलं, फस्स आवाज झाला आणि बाटली पुन्हा सरळ झाली.

२८ ला सकाळी रुजू झाले. रुजू होण्याचं पत्र देताना विमान बदलल्याचा ईमेल सोबत जोडला, कुणी मागितला नव्हता, पण जोडून ठेवलेला बरा.

पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त जाणवलं ते घड्याळ. दोन्हीकडे वेळ एकच, पण पंधरा अंश पूर्वेला आल्यामुळे सूर्य एक तास पुढे. लेहमध्ये ऑक्टोबरच्या मध्यावर पावणेसहाला सूर्य मावळत होता, इथे पाचलाच मावळतो. सुरुवातीला ऑफिस सुटेपर्यंत अंधार बघून मी रोज गोंधळायचे. शाळा, बाजार, सगळं लवकर सुरू होतं, तुमचाही दिवस लवकर सुरू करा, दोन आठवड्यांत जमतं.

पैशांचं. बदलीच्या टीएचा (प्रवासभत्त्याचा) क्लेम प्रवास संपल्यापासून ६० दिवसांत द्यावा लागतो, आधी वर्षभर मुदत असायची, २०१८ पासून ती कमी झाली. माझा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेला. बोर्डिंग पास सगळे ठेवा, मोबाइलवरचे असतील तर प्रिंट काढा, माझ्या एका टप्प्याचा पास फोनमधून पुसला गेला होता आणि कंपनीकडून प्रवास केल्याचं पत्र मागवायला आठवडा गेला. चेन्नईमार्गे का आलात, जवळचा मार्ग कोलकाता होता, अशी विचारणा आली. तेव्हा तोच ईमेल आणि विमानतळ बंद असल्याची बातमी जोडली आणि प्रश्न मिटला. कॉम्पोझिट ट्रान्सफर ग्रँट, म्हणजे बदलीच्या खर्चासाठी मिळणारी एकरकमी रक्कम, एरवी मूळ पगाराच्या ८० टक्के असते, अंदमान, निकोबार आणि लक्षद्वीपला जाताना किंवा तिथून येताना १०० टक्के, हे क्लेम भरताना स्वतः बघून लिहा, माझ्या पहिल्या हिशोबात ८० धरलं होतं आणि मी नियम दाखवल्यावर बदललं. जानेवारीच्या शेवटी पैसे जमा झाले.

उलट्या दिशेने, म्हणजे इथून लेहला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. दिल्लीला आदल्या दिवशी पोचायलाच हवं, कारण लेहचं विमान सकाळचं. आणि समुद्रसपाटीवरून दीड तासात ३२५६ मीटरवर जाणार असल्यामुळे पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती, जिने चढणं नाही, सामान उचलणं नाही, भरपूर पाणी. शक्य असेल तर रुजू व्हायची तारीख त्या दोन दिवसांच्या पुढची ठेवा आणि निघण्याआधी डॉक्टरांना भेटा, विशेषतः बीपी किंवा दम्याचा त्रास असेल तर. माझ्या जागी जे आले ते उतरले त्याच दिवशी दुपारी ऑफिसला गेले आणि रात्री त्यांना ऑक्सिजन लावावा लागला.